औदासीन्य आधी की विस्मृती?

‘आज वार कोणता?’ असा साधा प्रश्न डॉक्टरांनी केला असता नैराश्याने ग्रासलेला वृद्ध बहुधा ‘ठाऊक नाही हो, आणि ठाऊक असून तरी करायचंय काय?’ म्हणून मान फिरवतो. उलट स्मृतिभ्रंशाच्या वाटेला लागलेला वृद्ध मंगळवारी ‘गुरुवार’ असे ठासून सांगतो, किंवा उत्तरासाठी शेजारच्या पत्नीकडे वळून पाहतो. स्मृतिभ्रंशाचे रूप धारण करणाऱ्या नैराश्याचे वर्णन लेस्ली किलो या मनोविकारतज्ज्ञाने १९६१ साली केले, तेव्हापासून ही पारख अधिक कसोशीने होऊ लागली. परंतु उपचारांनी ज्यांचे औदासीन्य ओसरले आणि स्मृतीही परतली, अशांपैकी पुष्कळांना पुढे काही वर्षांत खराच स्मृतिभ्रंश जडला, असे आढळून आल्यावर या दोन व्याधींचे नाते केवळ बाह्य साम्याचे नव्हे, हे मान्य करणे भाग पडले.

मग आधी कोण? लंडनच्या सरकारी दफ्तरांतील दहा हजारांवर नोकरांची १९८५ पासून चालत आलेली जी पाहणी ‘व्हाइटहॉल’ या नावाने प्रसिद्ध आहे, तिच्या २०१७ च्या निष्कर्षानुसार ऐन मध्यमवयातील नैराश्याने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला नाही. मात्र ज्यांना पुढे तो झाला, त्यांच्या नैराश्याची लक्षणे निदानाच्या सुमारे ११ वर्षे आधीपासून वेगळी दिसू लागली होती. म्हणजे येथे औदासीन्य हे कारण नसून पूर्वचिन्ह ठरते.

जनुकांची साक्ष इतकी सरळ नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘एपीओई’ जनुकाचा ‘ई-४’ हा प्रकार अल्झायमरशी निगडित असल्याचे दाखवून दिले. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, २९९ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात ११२ व्या स्थानी सिस्टिनऐवजी आर्जिनिन आले, एवढाच काय तो सामान्य ‘ई-३’ प्रकाराहून फरक. तरीही युरोपीय वंशाच्या लोकांत त्याची एक प्रत असता धोका सुमारे तिप्पट होतो, दोन असता त्याहूनही पुष्कळच वाढतो. वृद्धापकाळच्या नैराश्याशी मात्र याच जनुकाचा संबंध कधी दिसतो, कधी दिसत नाही. नैराश्याचा जनुकीय वारसा एका जागी साठलेला नाही: आठ लाखांवर व्यक्तींच्या २०१९ च्या अभ्यासात त्याच्याशी निगडित असे १०२ जनुकीय भेद सापडले, आणि त्यांतील प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प.

येथे संशोधकांनी एक सुंदर युक्ती योजिली. माणसाच्या वाट्याला येणारी जनुके गर्भधारणेच्या क्षणीच ठरतात; पुढचा कोणताही रोग तो वाटा बदलू शकत नाही. तेव्हा नैराश्यप्रवण जनुकांच्या लोकांत अल्झायमर अधिक आढळला, तर कारण कोण आणि कार्य कोण, याचा काही अंदाज बांधता येतो. एमरी विद्यापीठाच्या २०२२ च्या विश्लेषणात नैराश्याकडून अल्झायमरकडे जाणारा असा धागा आढळला, उलट दिशेचा आढळला नाही. हा निष्कर्ष ‘व्हाइटहॉल’शी विसंगत भासतो, पण मला वाटते, दोन्ही खरे असू शकतील, कारण तरुणपणापासून पुनःपुन्हा उद्भवणारे नैराश्य आणि साठीनंतर प्रथमच आलेले, मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झिजेतून उपजलेले नैराश्य, यांना आपण एकाच नावाखाली गोवले आहे.

शिवाय हा बहुतेक दाखला युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. हरियाणातील बल्लभगड येथील पाहणीत ‘ई-४’चे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या वस्तीपेक्षा कमी आढळले होते. त्यामुळे परदेशी आकड्यांवरून आपल्या आजोबांचे भविष्य वर्तविणे गैर होईल. मात्र त्यांचे गप्प होणे ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देणे मला त्याहून गैर वाटते. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तदाब आणि श्रवणशक्ती यांची तपासणी, तसेच नैराश्यावरील उपचार, यांपैकी कशालाही जनुकचाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.