दोरांनीं शिवलेलें जहाज

इंदापूर तालुक्यांतील अंथुर्णे येथें वाहतें पाणी म्हणजे नीरेच्या कालव्याचें. अशा गांवीं बसून समुद्रपर्यटनाच्या गोष्टी कराव्या, हें कांहीं वाचकांस विनोदाचें वाटेल. परंतु ज्या जहाजाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्याचा नमुनाही समुद्रकांठीं नसून अजिंठ्याच्या डोंगरांत आहे. पांचव्या शतकांतील चिताऱ्यानें तेथें डोलकाठ्या, शिडें व मालाच्या रांजणांसह एक जहाज रंगविलें. तेवढ्या चित्रावरून ‘कौंडिण्य’ हें सुमारें 20 मीटर लांबीचें जहाज गोव्यांत बांधण्यांत आलें.

या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनीं जोडलेल्या नाहींत. फळ्यांच्या कडांस भोंकें पाडून त्या काथ्याच्या दोरानें शिवल्या, सांध्यांत नारळाच्या शेंड्या दाबून भरल्या व वर राळ चढविली. खिळ्यांनीं जखडलेलें लांकूड लाटेच्या तडाख्यास ताठर राहतें. शिवलेलें थोडें लवतें, आणि लवतें म्हणून टिकतें. ही विद्या आज फार थोड्या हातांत उरली आहे. येथें ते हात केरळचे बाबू शंकरन् व त्यांचे सहकारी यांचे. जुना आराखडा एकही उपलब्ध नसल्यामुळें प्रतिकृति पाण्यांत कशी तरेल, याची परीक्षा मद्रासच्या आय. आय. टी.नें केली. 2023 च्या सप्टेंबरांत बांधणीस आरंभ झाला व 21 मे 1925 नव्हे, 2025 रोजीं कारवार येथें तें नौदलांत दाखल झालें. शतकाची चूक लेखणीकडून व्हावी, असेंच तें जहाज आहे!

यंत्र नाहीं, निजावयास खोली नाहीं, सुकाणूच्या जागीं मोठीं वल्हीं. चौकोनी शीड पाठीमागून वारा असतां उत्तम, समोरून असतां निरुपयोगी. म्हणून पश्चिमेस जावयाचें तें हिंवाळ्यांत, ईशान्येच्या वाऱ्यावर. आपले जुने व्यापारी हेंच करीत. 29 डिसेंबर 2025 रोजीं पोरबंदर सोडून, कमांडर विकास श्योराण यांच्या नेतृत्वाखालीं, सुमारें 1,400 किलोमीटर कापून जहाज 14 जानेवारी 2026 रोजीं मस्कतास पोहोंचलें.

आतां एक घरगुती प्रश्न. बौधायनानें समुद्रयान पातकांत गणलें. पुढें तें कलिवर्ज्यांतही आलें. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हां केवढा गहजब झाला! परंतु जहाजास ज्याचें नांव दिलें, तो कौंडिण्य दंतकथेप्रमाणें समुद्र ओलांडून आग्नेय आशियांत गेला, तेथील राणीशीं विवाह करून राजा झाला, आणि चिनी बखरी त्या नांवाच्या पुरुषास ब्राह्मण म्हणतात. बंदी घालावी लागली याचा अर्थच लोक जात होते. आमच्या ओळखीच्या एका कौंडिण्यगोत्री गृहस्थांस हें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, “गोत्र रोज उच्चारतों, पण तें नांव जहाजावर वाचीन असें वाटलें नव्हतें.”