हार्टली, मार्सडन

हार्टली, मार्सडन : (४ जानेवारी १८७७–२ सप्टेंबर १९४३). अमेरिकन चित्रकार व कवी. मूळ नाव एडमंड. जन्म मेन राज्यातील लूइस्टन येथे. १९०९ मध्ये ॲल्फ्रेड स्टीग्लिट्झ याच्या न्यूयॉर्कमधील ‘२९१’ या कलावीथीत त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरले. १९१२ मध्ये तो पॅरिसला गेला व पुढील वर्षी बर्लिनमध्ये स्थायिक झाला. कँडिन्स्की व फ्रांट्स मार्क यांच्याशी त्याचा परिचय झाला.

तत्कालीन जर्मनीत पुरुषांमधील समलिंगी संबंध दंडसंहितेच्या कलम १७५ अन्वये शिक्षापात्र होते. तथापि हे कलम रद्द व्हावे म्हणून माग्नुस हिर्शफेल्ट याने १८९७ पासून बर्लिनमध्ये चळवळ चालविली होती. हार्टली स्वतः समलिंगी होता. कार्ल फोन फ्रायबुर्ग या तरुण सेनाधिकाऱ्यावर त्याचे उत्कट प्रेम होते. ७ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रायबुर्ग युद्धात मारला गेला. या शोकातून हार्टलीची ‘युद्ध’ चित्रमालिका निर्माण झाली.

‘पोर्ट्रेट ऑफ अ जर्मन ऑफिसर’ (१९१४, मेट्रोपॉलिटन म्यूझीयम, न्यूयॉर्क) ही तीतील श्रेष्ठ कृती होय. सुमारे १७३ × १०५ सेंमी. आकाराच्या या तैलचित्रात चेहरा वा देह कोठेही नाही. काळ्या पार्श्वभूमीवर ध्वज, गणवेशाची चिन्हे व आयर्न क्रॉस हे पदक यांची दाट रचना आहे. तीत फ्रायबुर्गची आद्याक्षरे, मृत्युसमयीचे वय (२४) व पलटणीचा क्रमांक (४) आढळतात. सोंगट्यांच्या पटासारखे चौकटे त्याच्या बुद्धिबळाच्या आवडीचे सूचक मानले जातात. घनवादाची रचनापद्धती व जर्मन अभिव्यक्तिवादाचे प्रखर रंग यांचा येथे मेळ आहे.

१९१६ मध्ये ही चित्रे न्यूयॉर्क येथे मांडली गेली, तेव्हा त्यांत कोणताही गूढार्थ नसल्याचे हार्टलीने सांगितले. जर्मनविरोधी लोकमत व समलिंगी प्रेमाविषयीची सामाजिक निषिद्धता लक्षात घेता हे मौन समजण्याजोगे आहे. त्याच्या मृत्यूनंतर फ्रायबुर्गचा आप्त, शिल्पकार आर्नोल्ट रोनेबेक, याने काही प्रतीकांचा उलगडा केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समीक्षकांनी ही चित्रे प्रेमाची व विरहाची अभिव्यक्ती म्हणून अभ्यासली. या संबंधाच्या स्वरूपाविषयी मात्र निर्णायक विधान करता येत नाही.

अमूर्त शैलीमुळे उघडपणे न सांगता येणारा आशय हार्टलीला जाहीरपणे मांडता आला, हे या चित्रांचे वैशिष्ट्य होय. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट इंडियाना याने १९८९ पासून ‘हार्टली एलिजीज’ ही मालिका रचून या परंपरेशी आपले नाते सांगितले. मेनमधील एल्झवर्थ येथे हार्टलीचे निधन झाले.