रात्रीचा गारवा साठविणारे घर

विदर्भात मे महिन्यातील कडक उन्हाच्या दिवशी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. परंतु पहाटे तो तीसच्या आसपास उतरलेला असतो. हा विनामूल्य गारवा दुपारपर्यंत राखता आला, तर कूलर व वातानुकूलकाच्या वीजबिलात मोठी बचत होऊ शकते.

जुन्या धाब्याच्या घरांना ही किमया साधली होती. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत ओलांडण्यास दुपारच्या उष्णतेला दहा-बारा तास लागतात. ती आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते व उघड्या खिडक्यांतून ती निघून जाते. याउलट चार-पाच इंची सिमेंटची स्लॅब तेच ऊन तीन-चार तासांत खाली उतरविते. दिवेलागणीला बाहेर वारा गार होऊ लागला तरी छत तव्यासारखे तापलेले असते. साठवण तीही करते, पण उष्णतेची!

मोठ्या इमारतींत बर्फ तयार करून ठेवतात व गरजेच्या वेळी तो वितळवून हवा थंड करतात. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक टनी वातानुकूलकाचे आठ तासांचे काम करण्यास असा सुमारे ३०० किलो बर्फ लागेल. (वातानुकूलकाचा ‘टन’ हा शब्दही बर्फाच्या वजनावरूनच आला आहे.) सामान्य घरात एवढा बर्फ ठेवणार कोठे? तेथे भिंती व छत हीच साठवणीची जागा होय.

त्यासाठी उन्हाळ्यापूर्वी स्लॅबवर पांढरा चुना द्यावा. नवीन घरकुलात उष्णतारोधक थर छताच्या बाहेरील बाजूस घालावा. आतून घातल्यास स्लॅबची साठवणक्षमता वाया जाते. खिडक्या दिवसा बंद व रात्रभर उघड्या असाव्यात. शाळा रात्री कुलूपबंद असतात. तेथे वरच्या झरोक्यांना जाळी बसवून ते उघडे ठेवता येतील.

वातानुकूलक असलेल्या घरांनाही याचा उपयोग आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीत वेळेनुसार वीजदराची तरतूद असून सौरविजेच्या तासांत दर कमी ठेवावयाचा आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घराने त्या वेळी खोली थंड केल्यास भिंती तो गारवा संध्याकाळच्या महाग तासांत काही काळ टिकवितात.

कोकणात मात्र रात्रीही हवा दमट व उबदार असते. तेथे साठविण्याजोगा गारवाच थोडा. म्हणून सावली व वाहता वारा यांवरच भर द्यावा.