उंदराच्या मादीचे चक्र आणि दुपारचे घड्याळ

उंदराच्या मादीला पाळी येते का? नाही. गर्भाशयाचे अस्तर बाहेर न पडता शरीरातच शोषले जाते. चक्र 4-5 दिवसांचे. अंडाशयातील पुटिका वाढल्या की इस्ट्रोजेन वाढते. पण मेंदू लगेच हुकूम सोडत नाही, दुपारची वाट पाहतो! मग पीयूषिका ग्रंथीतून पीतपिंडकारी संप्रेरक एकदम जास्त सुटते आणि रात्री अंडमोचन होते. 1950 मध्ये एव्हरेट आणि सॉयर यांनी नेमक्या त्या दुपारी 2 वाजता गुंगीचे औषध दिले, तर अंडमोचन 24 तास लांबले. म्हणजे संप्रेरकाला घड्याळाचीही साथ लागते. माणसात हे बंधन इतके कडक नसते. म्हणून वर्गात उंदराचे वेळापत्रक मुलींच्या पाळीला लावू नये.