लुगडं घोट्यापर्यंत आलं तेव्हा

महाडच्या दुसऱ्या परिषदेला 2027 मध्ये शंभर वर्षं होतील. डिसेंबर 1927 मधली ही परिषद मनुस्मृतीच्या दहनासाठी सगळ्यांना आठवते. पण त्याच मुक्कामात बाबासाहेब आंबेडकर बायकांशी लुगड्याबद्दल बोलले होते. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चांदीच्या किंवा कथलाच्या पाटल्या, या साऱ्यांवरून बाई अस्पृश्य आहे हे लांबूनच कळायचं. ही खूण टाका, असं त्यांनी सांगितलं. कपडा फाटका असला तरी चालेल, तो स्वच्छ असावा, हा त्यांचा आग्रह होता. टिपणीस आणि चित्रे या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरांतल्या स्त्रियांनी नेसण्याची नवी पद्धत शिकवली, आणि परतताना कितीतरी जणींची लुगडी घोट्यापर्यंत आलेली होती.

या बदलाची जोखीम लहान नव्हती. पुढच्याच वर्षी इंदूर भागात बलाई समाजावर सवर्णांनी नियम लादले: जरीकाठी पागोटं नको, रंगीत काठाचं धोतर नको, बायकांच्या अंगावर सोन्याचांदीचे दागिने नकोत. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या 1936 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या जुलमाची नोंद केली आहे. धोतराच्या काठावरही पहारा होता, तो काठ माणसाची पायरी ठरवत होता म्हणूनच.

महाडच्या बायकांनी सवर्णांची नक्कल केली, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. आपण कोण, हे कपड्यातून सांगायचं तर आधी दुसऱ्याने मारलेला शिक्का पुसावा लागतो. स्वतःची खूण निवडणं ही त्यापुढची पायरी, आणि तीही आली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोक शुभ्र कपड्यांत बौद्ध धम्माच्या दीक्षेला जमले. एरवी सुटाबुटात वावरणाऱ्या बाबासाहेबांनीही त्या दिवशी पांढरा पोशाख केला होता. निळा रंग चळवळीचा होताच, पुढे गावोगावच्या पुतळ्यांवर निळा सूट आला. गावकुसाबाहेरच्या मुलाला तो सूट शिक्षणाचं आणि बरोबरीचं स्वप्न दाखवत राहिला.

हा प्रवास आता डिझाइनच्या क्षेत्रात पोचला आहे. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याचं काम करणाऱ्या अनेकांचा रोजगार आटला. अशा कारागिरांना सोबत घेऊन सुधीर राजभर यांनी मुंबईत रबराचा पुनर्वापर करून बॅगा घडवायला सुरुवात केली आणि ब्रँडचं नाव ठेवलं ‘चमार’. जी जात शिवीसारखी तोंडावर फेकली जायची, तीच आता कारागिरीची सही म्हणून मिरवते.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी जपल्या. तशीच, आपल्या वस्त्रपरंपरेच्या अभ्यासात पैठणीच्या पदराइतकीच जागा महाडच्या लुगड्याला मिळायला हवी. आपल्या अंगावर काय असावं हे आपण ठरवायचं, हा हक्क त्या बायकांनी स्वतःच्या हातांनी नेसून मिळवला, आणि आजचा प्रत्येक डिझायनर त्याच हक्कावर उभा आहे.