मूल ऐकत नाही : दाखवावे कोणाला?

मुकुंदवाडीसारख्या कष्टकरी वस्तीत मूल हट्टी, मारकुटे किंवा वर्गात अस्थिर असले की त्याला मार मिळतो, नाहीतर गंडादोरा बांधला जातो. यात शिक्षणाची मोलाची वर्षे निघून जातात.

पहिली पायरी बालरोगतज्ज्ञाची. ज्याला नीट ऐकू येत नाही, ते मूलही 'ऐकत नाही' असेच वाटते. म्हणून कान, डोळे, झोप व फिट्स यांची तपासणी आधी व्हावी. आपल्या घाटी रुग्णालयात बालरोग व मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व सरकारी शाळांतून मुलांची तपासणी करतात.

पुढचा फरक पालकांनी समजून घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो बुद्धीच्या व वर्तनाच्या चाचण्या घेतो, पालकांनाही मार्गदर्शन करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारावे. बोलणे उशिरा येत असल्यास वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावे.

जाताना शिक्षकांची चिठ्ठी न्यावी. मूल केव्हा, कशामुळे व किती वेळ बिथरते, याची पंधरा दिवसांची नोंदही वहीत असावी. प्रश्न पडल्यास 'टेली-मानस'च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. लोक काय म्हणतील, या भीतीने मात्र थांबू नये.