दसऱ्याचा मुहूर्त, पितृपक्षाची तयारी
घर घेताना, घर विकताना : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण गृहकर्जाची पात्रता बँक कशी ठरवते ते पाहिले. आता गणपतीचे विसर्जन झाले आहे आणि पितृपक्ष सुरू होतो आहे. पुण्या-मुंबईच्या घरबाजारात हा पंधरवडा थंडा मानला जातो. साइटवर वर्दळ कमी, टोकन देणारे कमी, निबंधक कार्यालयात दस्तही कमी. घटस्थापनेला चित्र पालटते. वर्तमानपत्रांची पहिली पाने जाहिरातींनी भरतात. साडेतीन मुहूर्तांपैकी दोन, दसरा आणि दिवाळीचा पाडवा, याच दिवसांत येतात. पाऊस ओसरलेला असतो, नोकरदारांच्या हाती बोनस येणार असतो आणि बिल्डरांनीही नवे प्रकल्प याच मोसमासाठी राखून ठेवलेले असतात.

या मोसमात घर स्वस्त होते का? बहुधा नाही. बिल्डर चौरस फुटाचा जाहीर दर सहसा उतरवत नाही. उतरवला, तर त्याच इमारतीत आधी बुकिंग केलेले ग्राहक भांडायला येतात. शिवाय नोंदलेल्या दस्ताची किंमत सूची क्रमांक दोनमध्ये दिसते आणि पुढचा ग्राहक तेवढ्यावरच अडून बसतो. म्हणून सूट मिळते ती आडवाटेने: जीएसटी आमच्याकडे, मुद्रांक शुल्क माफ, मॉड्युलर किचन मोफत, सोन्याचे नाणे, ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’. यातली प्रत्येक गोष्ट आधी रुपयांत मांडून पाहावी.

पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट घ्या. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के आहे, म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख. एकूण २५ लाख ९० हजार रुपये खिशातून काढावे लागतात, कारण कर्जाची मर्यादा ठरवताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँकेला किमतीत धरता येत नाही. घर घरातल्या स्त्रीच्या एकटीच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ८० हजार वाचतात.

समजा, बिल्डर चार लाखांचे किचन आणि फर्निचर देऊ करतो आहे. त्याला म्हणा, ‘वस्तू नकोत, करारातली किंमत चार लाखांनी कमी करा.’ किंमत ७६ लाख झाली, की जीएसटीत २० हजार आणि मुद्रांक शुल्कात २८ हजार आणखी वाचतात. एकच अट, रेडी रेकनरचे मूल्य त्याहून जास्त नसावे, नाहीतर शुल्क रेकनरवरच लागते. वस्तू घेतल्यात, तर त्या नसलेल्या सवलतीवरही तुम्ही कर भरता.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ या योजनेपासून मात्र चार हात दूर राहा. कर्ज तुमच्या नावावर असते, व्याज भरण्याचे वचन बिल्डरचे. त्याने हात वर केले, की बँक तुमच्या दारात येते. असे अनुभव आल्यावरच २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून परावृत्त राहायला सांगितले.

दसऱ्याला साधले जाते ते फक्त बुकिंग. त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, त्यामुळे दस्त सहसा नंतरच होतो. तेव्हा टोकन देताना दोन नियम ध्यानात ठेवा. एक, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. रेरा कायद्याचे १३वे कलम तसे सांगते. दोन, महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केले, तर पैसे कापता येत नाहीत. त्यापुढे दिवसांनुसार कपात वाढत दोन टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून टोकनची नुसती पावती घेऊन घरी येऊ नका, वाटपपत्र मागा. जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन केला, की महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती उघडते. ताब्याची तारीख, मंजूर मजले, चालू खटले तिथेच पाहा. सेल्समनने सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख जुळत नसेल, तर तिथलीच खरी धरा.

आता विकणाऱ्यांकडे वळू. जुना फ्लॅट विकणाऱ्याला वाटते, या मोसमात नव्या इमारतींपुढे आपल्याकडे कोण पाहणार? पण भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. वरच्या उदाहरणातले चार लाख तुमच्या ग्राहकाचे आधीच वाचलेले असतात. त्याला ते आकड्यांत दाखवा. ताबाही लगेच, म्हणजे भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरायची वेळ येत नाही.

व्यवहार अडतो तो कागदांपाशी. ग्राहकाच्या बँकेचा वकील मूळ करार मागतो, आधीच्या मालकांचे दस्त मागतो, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र मागतो. तुमचे कर्ज चालू असेल, तर बँकेकडून बाकी रकमेचे आणि तिच्या ताब्यातल्या कागदांच्या यादीचे पत्र लागते. सर्वांत जास्त वेळ खाते ते वडिलांच्या नावावर राहिलेले शेअर सर्टिफिकेट. वारसांची नावे लावायला महिने जातात आणि तोवर ग्राहक दुसरीकडे विसार देऊन मोकळा होतो. सोसायटीला हस्तांतरणाचे अधिमूल्य २५ हजारांहून जास्त मागता येत नाही, हेही सचिवांशी बोलताना माहीत असू द्या.

कराचा हिशेबही विसार घेण्यापूर्वी करावा. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतले असेल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ धरून २० टक्क्यांचा हिशेब करून पाहता येतो; जो कर कमी, तो भरायचा. दोन वर्षांत दुसरे घर विकत घेतले, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापून उरलेली रक्कम देतो. विक्रेता परदेशात राहणारा असेल, तर ही कपात बरीच मोठी असते. दिवाळीला येऊन कोथरूडचा किंवा ठाण्याचा फ्लॅट विकून जाऊ म्हणणाऱ्यांनी कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी प्राप्तिकर खात्याकडे आधीच अर्ज करावा. सुट्टीच्या दिवसांत ते हाती येईल या भरवशावर राहू नये.

व्याजदर उतरायची वाट पाहत थांबावे का, असे अनेकजण विचारतात. बँकेचे बदलत्या दराचे गृहकर्ज रेपो दराशी जोडलेले असेल, तर दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो. कर्ज आज घेतले तरी पुढची कपात तुमच्यापर्यंत पोहोचते. थांबायचे तर कागद अपुरे आहेत म्हणून थांबा.

तेव्हा हे पंधरा दिवस रिकामे घालवू नका. खरेदीदाराने बँकेचे मंजुरीपत्र घ्यावे, दोन-तीन प्रकल्प महारेरावर तपासावेत आणि वरच्यासारखी बेरीज आपल्या आकड्यांनी मांडावी. विक्रेत्याने फाइल लावावी आणि आपण किती खाली येऊ शकतो हा आकडा घरात एकमताने ठरवावा. घटस्थापनेला ज्याच्या हाती कागद असतील, तोच टेबलावर अटी घालू शकेल.

पुढील आठवड्यात: विसार पावती, साठेखत आणि खरेदीखत. कोणत्या कागदाने कोणता हक्क मिळतो?